वाचवलेला जूल आणि टळलेला आजार

संगणकशास्त्रातील पदव्युत्तर शिक्षणानंतर प्रोसेसरच्या ऊर्जामापनावर दोन वर्षे काम केलेल्या एका विद्यार्थ्याचा प्रश्न असा आहे: ऊर्जा-कार्यक्षम संगणन आणि सार्वजनिक आरोग्य यांना जोडणारे पीएचडीचे संशोधन करायचे आहे, पण हा संबंध खरा आहे की अनुदानाच्या अर्जापुरता जुळवलेला आहे, हाती समस्या कोणती घ्यावी, आणि मार्गदर्शक कोणत्या विभागातील असावा? या दोन क्षेत्रांच्या सीमेवर मी बरीच वर्षे काम केले आहे आणि दोन्हीकडच्या शोधनिबंधांचे परीक्षणही केले आहे, त्यामुळे उत्तर थोडे लांबेल.

संबंध खरा आहे, परंतु तो सरळ नाही. चिपमध्ये वाचलेला एक जूल आणि कुणाच्या तरी फुप्फुसात न गेलेला धूर यांच्यामध्ये निदान पाच कड्या असतात: चिपची ऊर्जा, मीटरवरची वीज, वीजकेंद्राचे उत्सर्जन, हवेतील प्रमाण, आणि ती हवा श्वासात घेणारी माणसे. माझ्याकडे परीक्षणासाठी येणाऱ्या बहुतेक निबंधांत पहिली कडी मायक्रोजूलपर्यंत मोजलेली असते आणि उरलेल्या चार एका गुणकात उरकलेल्या असतात. त्यामुळे अंतिम आकड्याला दशांश चिन्हापुढे तीन अंक मिळतात, पण त्याची विश्वासार्हता पहिल्या अंकापुरतीही नसते. तुमची पीएचडी टिकायची असेल, तर या साखळीतील सर्वांत कच्ची कडी कोणती हे आधी शोधा आणि तिच्यावर काम करा. पहिली कडी अधिक चकचकीत करण्यात आता फारसा अर्थ उरलेला नाही.

अर्थात पहिली कडीही वाटते तितकी पक्की नाही. इंटेलच्या प्रोसेसरांत २०११ च्या सँडी ब्रिज पिढीपासून ऊर्जेची नोंद ठेवणारा अंतर्गत मोजक मिळू लागला, आणि आपल्यापैकी बहुतेकांचे आकडे तिथूनच येतात. हा मोजक ३२ बिटांचा असतो. त्याचे एकक एका जूलचा ६५,५३६ वा भाग असेल, तर ६५,५३६ जूल भरताच तो पुन्हा शून्यावर येतो. १०० वॅट खर्च करणाऱ्या प्रोसेसरवर हे सुमारे अकरा मिनिटांत घडते. सुरुवातीच्या काळात माझ्याच एका प्रयोगात चाळीस मिनिटांच्या गणनेला दहा मिनिटांच्या गणनेपेक्षा कमी ऊर्जा लागल्याचे दिसले होते, आणि त्याचे कारण अल्गोरिदममध्ये शोधण्यात आमचा एक आठवडा गेला. शिवाय हा मोजक पंखे, डिस्क आणि वीजपुरवठा यंत्रणेतील गळती पाहतच नाही, आणि पहिल्या पिढ्यांमध्ये तर तो प्रत्यक्ष मोजत नसून अंतर्गत प्रतिमानावरून अंदाज बांधत असे. म्हणून भिंतीवरच्या सॉकेटपाशी लावलेले साधे वीजमापक यंत्र प्रयोगशाळेत असलेच पाहिजे, असा माझा आग्रह असतो.

दुसऱ्या कडीवर याहून मोठी फसगत होते. गूगलचे अभियंते बारोझो आणि होल्झले यांनी २००७ साली दाखवले की डेटा सेंटरमधील सर्व्हर बहुतांश वेळ १० ते ५० टक्के भारावर चालतात आणि काहीच काम नसतानाही कमाल विजेच्या जवळजवळ निम्मी वीज खातात. त्यानंतरच्या यंत्रांत पुष्कळ सुधारणा झाली आहे, पण तत्त्व तेच आहे: तुमच्या प्रोग्रामने निम्मी ऊर्जा वापरली, तरी सर्व्हर चालूच राहिला तर मीटरवर निम्मी वीज कमी होत नाही. बचत खऱ्या अर्थाने तेव्हाच होते, जेव्हा मोकळी झालेली यंत्रे बंद करता येतात किंवा विकत घ्यावीच लागत नाहीत. पीयूई, म्हणजे संपूर्ण इमारतीची वीज भागिले संगणकीय यंत्रांची वीज, हे सर्वपरिचित मापही असेच दिशाभूल करू शकते. समजा संगणकीय यंत्रे १००० किलोवॅट आणि संपूर्ण इमारत १३०० किलोवॅट वापरते, म्हणजे पीयूई १.३ आहे. कार्यक्षम सॉफ्टवेअरमुळे यंत्रांचा वापर ८०० वर आला, पण शीतकरणाचा काही भार स्थिर असल्याने इमारतीचा एकूण वापर १०८० वर थांबला. आता पीयूई १.३५ झाला. २२० किलोवॅट वाचले आणि माप मात्र बिघडले. उलट, खोलीचे तापमान वाढवल्यावर सर्व्हरच्या आतील पंखे जोरात फिरू लागतात, त्यांची वीज ‘संगणकीय’ खात्यात जमा होते आणि एकूण वीज वाढूनही माप सुधारल्यासारखे दिसू शकते.

तिसऱ्या कडीपासून तुम्ही संगणकशास्त्राच्या बाहेर पडता. वाचलेली वीज कोणत्या केंद्राने कमी निर्माण केली, हा इथला प्रश्न आहे. संपूर्ण ग्रिडचे सरासरी उत्सर्जन घेतले की उत्तर सोपे होते, पण मागणी थोडी घटल्यावर सर्व केंद्रे प्रमाणशीर मागे येत नाहीत. त्या तासाला जे केंद्र चढउतार सांभाळत असते, तेच मागे येते. ते कोळशाचे असेल, वायूचे असेल किंवा जलविद्युत असेल; आणि आरोग्याचे सारे गणित त्यावर फिरते. डेटा सेंटरमधील कामे ‘स्वच्छ’ तासांत ढकलण्याची वेळापत्रके सुचवणाऱ्या संशोधनाबद्दल माझा मुख्य आक्षेप येथेच आहे. त्यांपैकी बहुतेक फक्त कार्बन डायऑक्साइड पाहतात. कार्बन डायऑक्साइड पृथ्वीवर कुठेही सोडला, तरी त्याचा हवामानावरील परिणाम सारखाच असतो. सूक्ष्म धूलिकण, गंधक आणि नायट्रोजन यांची ऑक्साइडे यांचे तसे नाही. शहराच्या मध्यभागी जमिनीलगत सोडलेला एक किलो धूर आणि विरळ वस्तीतील उंच धुराड्यातून सोडलेला एक किलो धूर यांचा श्वासात जाणारा अंश दहा पटींहून अधिक वेगळा असू शकतो. म्हणून कार्बन घटवणारे वेळापत्रक आरोग्याचा भार घटवीलच असे नाही. काम एका प्रदेशातून दुसऱ्या प्रदेशात हलवले, तर कार्बन कमी होऊन आजारपण वाढणेही शक्य आहे. या दोन उद्दिष्टांमध्ये नेमके केव्हा आणि किती अंतर पडते, हा पीएचडीला पुरेल असा प्रश्न आहे.

डेटा सेंटरच्या आवारातील डिझेल जनित्रांचाही येथेच विचार करावा. वर्षभरात ती फार थोडे तास चालतात, त्यामुळे ऊर्जेच्या हिशेबात त्यांचा वाटा नगण्य असतो आणि ती दुर्लक्षिली जातात. पण त्यांचा धूर माणसांच्या उंचीवर आणि बहुधा वस्तीजवळ सोडला जातो, आणि डिझेलच्या धुराला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली मानवात निश्चितपणे कर्करोग करणाऱ्या घटकांच्या गटात टाकले आहे.

चौथ्या आणि पाचव्या कडीसाठी साथरोगशास्त्राने पाया घालून ठेवला आहे, तो नीट वाचा. डॉकरी आणि सहकाऱ्यांचा १९९३ चा सहा अमेरिकी शहरांचा अभ्यास ८,१११ प्रौढांचा अनेक वर्षे मागोवा घेऊन झाला. वय, धूम्रपान इत्यादी घटकांचा हिशेब केल्यावरही सर्वांत प्रदूषित शहरातील मृत्युदर सर्वांत स्वच्छ शहराच्या तुलनेत २६ टक्के अधिक आढळला. जागतिक आरोग्य संघटनेने सूक्ष्म धूलिकणांची वार्षिक मार्गदर्शक पातळी २००५ साली दर घनमीटर १० मायक्रोग्रॅम ठेवली होती. पुरावा वाढत गेल्यावर २०२१ मध्ये ती ५ वर आणली. उत्सर्जनापासून मृत्यूंच्या अंदाजापर्यंत नेणारी तयार प्रतिमाने आहेत. अमेरिकी पर्यावरण संस्थेचे ‘कोब्रा’ आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेले ‘इनमॅप’ ही त्यांतील दोन. ती लॅपटॉपवरही चालतात, आणि त्यामुळेच त्यांच्याबाबत सावध राहावे लागते. ही प्रतिमाने वातावरणातील रसायनशास्त्र सोपे करून घेतात, म्हणून त्यांच्या उत्तराला अनिश्चिततेचा पट्टा जोडल्याशिवाय ते छापू नये. ‘आमच्या अल्गोरिदममुळे वर्षाला इतके जीव वाचतील’ असे वाक्य सारांशात दिसले, की मी तो निबंध पहिल्यापेक्षा दुप्पट संशयाने वाचतो.

अंदाज किती बहकू शकतो याचे एक उदाहरण तुमच्याच क्षेत्रात आहे. भाषा-मॉडेलची रचना स्वयंचलितपणे शोधण्याच्या एका प्रक्रियेतून किती कार्बन बाहेर पडतो याचा २०१९ साली प्रसिद्ध झालेला अंदाज पुढे सगळीकडे उद्धृत झाला. ते मॉडेल प्रत्यक्ष तयार करणाऱ्या कंपनीच्या संशोधकांनी २०२१ मध्ये दाखवले की तो आकडा प्रत्यक्षाच्या सुमारे ८८ पट होता, कारण यंत्रसामग्री वेगळी होती आणि शोध मोठ्या मॉडेलवर न होता छोट्या नमुना-मॉडेलवर झाला होता. मूळ लेखकांनी उपलब्ध माहितीवरून प्रामाणिकपणे गणित केले होते. माहितीच बाहेर आलेली नव्हती. पुढच्या प्रत्येक अंदाजाची परिस्थिती फारशी निराळी नाही.

एकूण चित्राबद्दल थोडक्यात सांगतो. मासानेट आणि सहकाऱ्यांनी २०२० साली मांडले की २०१० ते २०१८ या काळात डेटा सेंटरमधील संगणनाचे प्रमाण साडेपाच पटींनी वाढले असूनही त्यांची वीज जेमतेम ६ टक्के वाढली आणि २०१८ मध्ये ती सुमारे २०५ टेरावॅट-तास होती. ती कार्यक्षमतेची खरी कमाई होती. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या मते २०२४ मध्ये हा आकडा सुमारे ४१५ टेरावॅट-तासांवर, म्हणजे जगाच्या विजेच्या दीड टक्क्यावर, पोहोचला आणि २०३० पर्यंत तो ९४५ च्या आसपास जाईल. दोन्ही अभ्यासांच्या पद्धती वेगळ्या आहेत, तरी दिशा स्पष्ट आहे. अर्थतज्ज्ञ जेव्हन्सने १८६५ मध्ये कोळशाविषयी जे निरीक्षण नोंदवले होते, ते येथेही लागू पडते: वापर स्वस्त झाला की मागणी वाढते. म्हणून ‘प्रत्येक गणनेमागे बचत’ आणि ‘एकूण बचत’ हे दोन वेगळे दावे आहेत, आणि आरोग्याशी संबंध फक्त दुसऱ्याचा आहे.

आतापर्यंत मी धुराच्या वाटेने जाणाऱ्या संबंधाबद्दल लिहिले. माझ्या मते अधिक सुपीक जमीन उलट दिशेला आहे: आरोग्याच्या कामासाठी लागणारे संगणन कमी ऊर्जेत कसे करावे. जैवमाहितीशास्त्रातील गणनांच्या कार्बनखर्चाचा २०२२ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास सांगतो की जनुकीय साहचर्याच्या, म्हणजे जनुकांतील फरक आणि आजार यांचे नाते शोधण्याच्या, मोठ्या विश्लेषणासाठी वापरल्या जाणाऱ्या एका सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती सोडून नवी घेतली, एवढ्यानेच खर्च ७३ टक्के घटला. नवे हार्डवेअर नाही, नवा सिद्धान्त नाही. अशी बचत प्रतिष्ठेच्या परिषदांत छापून येत नाही, ही आपल्या क्षेत्राची अडचण आहे.

परंतु खरी कसोटी लागते ती वीज खात्रीची नसलेल्या आरोग्य केंद्रांत. जागतिक आरोग्य संघटना आणि सहयोगी संस्थांच्या २०२३ च्या अहवालानुसार अल्प आणि निम्न-मध्यम उत्पन्नाच्या देशांतील जवळजवळ १०० कोटी लोक अशा केंद्रांवर अवलंबून आहेत, जिथे वीज बेभरवशाची आहे किंवा मुळीच नाही. तिथे कार्यक्षमता म्हणजे यंत्र चालणे किंवा न चालणे. लस ठेवलेल्या शीतकपाटाचे तापमान नोंदवणारे साधे यंत्र घ्या. बहुतेक लसी २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवाव्या लागतात. उष्णतेने त्या बिघडतात हे सर्वांना माहीत असते, पण अॅल्युमिनियमचे क्षार असलेल्या लसी, उदाहरणार्थ हिपॅटायटिस बी किंवा धनुर्वाताची, गोठल्यानेही निकामी होतात. आता समजा हे नोंदयंत्र मुख्य विजेवर चालते आणि आत छोटी बॅटरी आहे. वीज दीर्घकाळ गेली की शीतकपाट तापू लागते. त्याच काळात परिसरातील मोबाइल मनोराही बंद पडतो, नोंदयंत्राचा रेडिओ संपर्कासाठी पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो, आणि रेडिओ हाच त्या यंत्रातील सर्वांत खादाड भाग असल्याने बॅटरी नेहमीपेक्षा लवकर संपते. नोंद थांबते. वीज परतते, कपाट थंड होते, नोंद पुन्हा सुरू होते. महिनाअखेरीस जी माहिती हाती येते, तिच्यात सर्वांत वाईट तासच गायब असतात, आणि सर्वांत वाईट अवस्थेतील केंद्र कागदावर ठीकठाक दिसते.

संख्याशास्त्रज्ञ याला माहितीची यादृच्छिक नसलेली, म्हणजे योगायोगाने न झालेली, गळती म्हणतात. संगणक अभियंता तिला बॅटरीची मर्यादा म्हणून शेवटच्या परिच्छेदात ढकलतो, आणि साथरोगतज्ज्ञ आलेली माहिती स्वच्छ समजून पुढे जातो. दोघांपैकी कुणीच चुकीचे वागलेले नसते, तरी निष्कर्ष चुकतो. ऊर्जेच्या धोरणातून आरोग्याच्या माहितीत किती पक्षपात शिरतो याचे गणित मांडणे, आणि तो पक्षपात कमीत कमी ठेवील असे धोरण रचणे, ही माझ्या मते तुमच्यासाठी सर्वांत योग्य समस्या आहे. उदाहरणार्थ, वीज गेल्याक्षणी यंत्राने रेडिओ पूर्ण बंद करून फक्त स्थानिक नोंद ठेवावी का? नोंदींमधील अंतर बॅटरीवरून ठरवावे, की कुपीतील द्रव तापायला आणि गोठायला जितका वेळ लागतो त्यावरून? या प्रश्नांची उत्तरे मोजून काढता येतात, आणि त्यासाठी दोन्ही विषय खरोखरच लागतात.

अचूकता थोडी सोडून ऊर्जा वाचवण्याच्या पद्धतींबद्दलही एक इशारा द्यायला हवा. त्यांची गरज का पडली हे तुम्हाला ठाऊक आहे: डेनार्ड यांनी १९७४ मध्ये मांडलेले, ट्रान्झिस्टर लहान होताना वीजघनता (चिपच्या दर क्षेत्रफळामागचा वीजखर्च) स्थिर राहण्याचे गणित २००५ च्या सुमारास मोडले, आणि होरोविट्झ यांनी २०१४ साली दाखवल्याप्रमाणे ४५ नॅनोमीटरच्या तंत्रात एका ३२ बिटांच्या अपूर्णांकी (फ्लोटिंग पॉइंट) गुणाकाराला ३.७ पिकोजूल लागत असताना मुख्य मेमरीतून एकदा वाचायला १,३०० ते २,६०० पिकोजूल लागतात. त्यामुळे कमी बिटांत अंक बसवणे आणि मॉडेलची छाटणी करणे (त्यातील कमी महत्त्वाचे भाग काढून टाकणे) अपरिहार्य झाले. पण निदानाच्या मॉडेलमध्ये ‘अचूकता अवघी दोन टक्क्यांनी घटली’ हे विधान अपुरे आहे. आजाराचे प्रमाण १ टक्का असलेल्या १,००० जणांची तपासणी करा. विशिष्टता, म्हणजे निरोगी माणसाला निरोगीच ठरवण्याचे प्रमाण, ९५ टक्के असेल, तर ९९० निरोगी माणसांपैकी सुमारे ५० जणांना चुकून आजारी ठरवले जाईल. छाटणीनंतर ती ९३ टक्के झाली, तर सुमारे ६९ जणांना. या वाढीव १९ जणांना पुढील तपासणीसाठी जावे लागेल, आणि त्यांतील एकाच फेरीत अर्धा लिटर पेट्रोल जळले तर सुमारे १ कोटी ६० लाख जूल खर्च होतील. मॉडेलच्या प्रत्येक उत्तरामागे तुम्ही एक-दोन जूल वाचवलेले असतात. त्यामुळे हिशेबाचे एकक ‘एक गणना’ न ठेवता ‘एक बरोबर निदान’ ठेवावे.

शिवाय ही घटलेली अचूकता सर्वांच्या वाट्याला सारखी येत नाही. २०२० मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरने समाधानकारक पातळी दाखवली असताना रक्तात प्रत्यक्षात ऑक्सिजन कमी असण्याचे प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांत ११.७ टक्के आणि गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के आढळले. तो अभ्यास ऊर्जाबचतीचा नव्हता. पण अशा उपकरणांत वीज प्रामुख्याने प्रकाश देणाऱ्या दिव्यांना लागते, आणि बॅटरी टिकवण्यासाठी तो प्रकाश कमी करू पाहणाऱ्याने कोणत्या त्वचेवर संकेत आधी क्षीण होईल याची वेगळी चाचणी घेतलीच पाहिजे.

पाणी आणि ई-कचरा हे विषय तुम्ही विचारलेले नाहीत, तरी त्यांना टाळू नका. बाष्पीभवनाने थंड करणारे मनोरे वीज वाचवतात, पण पाणी पितात, आणि देखभाल ढिली पडली तर लिजिओनेला जिवाणूचे घर होतात. या जिवाणूमुळे होणारा फुप्फुसाचा आजार १९७६ साली फिलाडेल्फियातील एका हॉटेलमधील उद्रेकानंतरच ओळखला गेला. ई-कचऱ्याचे जागतिक प्रमाण २०२२ मध्ये ६.२ कोटी टन होते आणि त्यातील फक्त २२.३ टक्के अधिकृतपणे गोळा करून पुनर्वापरात आणल्याची नोंद आहे. अधिक कार्यक्षम यंत्र घेण्यासाठी जुने चालू यंत्र फेकणे हिताचे आहे का, याचे उत्तर त्या यंत्रातील शिसे शेवटी कुणाच्या हाताला लागते यावरही अवलंबून असते.

आता मार्गदर्शकाविषयी. दोन मार्गदर्शक हवेत, आणि साथरोगशास्त्रातील मार्गदर्शक पहिल्या दिवसापासून हवा; प्रयोग संपल्यावर ‘आरोग्याचे प्रकरण’ लिहून देण्यासाठी आणलेला नव्हे. दोन्ही विभागांच्या वेळा जुळत नाहीत, हे आधीच मान्य करा. संगणकशास्त्रात परिषदेची मुदत सहा महिन्यांत येते. माणसांची माहिती हाताळायची असेल तर नीती समितीच्या परवानगीलाच कधी कधी तितका काळ लागतो, आणि विश्लेषणाची पद्धत माहिती पाहण्यापूर्वी लिहून ठेवण्याची अपेक्षा असते. माझ्या एका विद्यार्थिनीचे पहिले वर्ष याच कारणाने रिकामे गेल्यासारखे वाटले होते. त्या काळात तिने नोंदयंत्राच्या बॅटरीचे प्रयोगशाळेतील सर्व मापन पुरे केले, कारण त्यासाठी कुणाचीही परवानगी लागत नव्हती. परवानगी आली तेव्हा तिचे उपकरण तयार होते. तुम्हीही सुरुवात तशीच करावी, असे मी सुचवीन.